हेलिक्स आणि इन्व्होल्यूट शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षाला किंवा आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडला इंजिनिअरिंग ड्रॉईंग शिकवणारे आणि शिकणारे जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी मापे मिलिमीटरमध्ये आहेत आणि प्रोजेक्शन फर्स्ट अँगल आहे, म्हणजे टॉप व्ह्यू (वरून दिसणारे चित्र) फ्रंट व्ह्यूच्या (समोरून दिसणाऱ्या चित्राच्या) खाली येतो. उदाहरणांतले आकडे हिशोब सोपा व्हावा असे निवडले आहेत. तेच आकडे वर्गात वापरले तर शीट तपासायलाही सोपे जाते.

१. हे दोन वक्र एकाच प्रकरणात का येतात? एक दंडगोलावर चढतो, दुसरा सपाट कागदावर पसरतो.

दोन्हींच्या मुळाशी गुंडाळलेली सरळ रेषा आहे. काटकोन त्रिकोणी कागद दंडगोलाभोवती गुंडाळला की त्याचा कर्ण हेलिक्स होतो. चकतीभोवती गुंडाळलेला दोरा ताठ धरून उलगडत नेला की त्याचे टोक इन्व्होल्यूट काढते. त्यामुळे दोन्हीकडे कसोटी तीच : परिघाची लांबी कागदावर खरी उतरली का, आणि क्रमांक योग्य दिशेने दिले का. शीटवरच्या बहुतेक चुका या दोहोंपैकी एका ठिकाणी सापडतात.

म्हणून पायऱ्या फळ्यावर लिहिण्याआधी वस्तू हातात द्यावी. ५० मिमीच्या पीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास ५० च असतो. १५७ × ६० चा कागद कापा, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत कर्ण आखा आणि रेषा बाहेर राहील असा पाईपवर गुंडाळा. पारदर्शक ओएचपी शीट घेऊन तिची नुसती नळी केली तर वक्राची मागची बाजूही दिसते. इन्व्होल्यूटसाठी जाड पुठ्ठ्याची ४२ व्यासाची चकती आणि शिवणाचा दोरा पुरतो. नायलॉन ताणतो, सुतळी जाड असते. १ मिमी जाडीच्या दोऱ्याने चकतीचा व्यास व्यवहारात ४३ होतो आणि मग वक्र शीटवरच्या वक्राशी जुळत नाही.

२. साहित्य काय लागते?

ए२ शीट, मिनी ड्राफ्टर, ३०-६० चा सेट स्क्वेअर, कंपास, डिव्हायडर, फ्रेंच कर्व्ह. रचनारेषांना २एच, अंतिम वक्राला एचबी. रोलर असलेल्या पट्टीने आखलेल्या समांतर रेषा लांब शीटवर हळूहळू तिरक्या होत जातात, त्यामुळे हेलिक्ससाठी ड्राफ्टरच बरा.

३. वर्तुळाचे १२ च भाग का? ८ केले तर चालतील ना?

चालतील, पण वक्र खडबडीत येईल. १२ भागांत प्रत्येक कोन ३०° चा, म्हणजे सगळ्या त्रिज्या आणि सगळ्या स्पर्शिका एकाच ३०-६० सेट स्क्वेअरने आखता येतात. कंपासनेही भाग पडतात : दोन परस्परलंब व्यासांच्या चारही टोकांवरून वर्तुळाच्याच त्रिज्येचे चाप दिले की उरलेले आठ बिंदू मिळतात. ८ भागांत ४५° च्या अंतरामुळे हेलिक्सच्या वळणावर मध्ये एकही बिंदू येत नाही आणि विद्यार्थी तिथे मनाने रेषा वळवतो. फक्त एका ठिकाणी १२ सुद्धा कमी पडतात, ते प्रश्न १८ मध्ये आहे.

४. दंडगोलावरच्या हेलिक्सच्या पायऱ्या नेमक्या सांगा.

उदाहरण : व्यास ५०, पिच (इथे एका फेऱ्यातला चढ) ६०, उजवा हेलिक्स, एक फेरा.

आधी टॉप व्ह्यूचे वर्तुळ, त्याचे १२ भाग. सर्वांत डावा बिंदू ०. तिथून खालच्या बाजूने, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, १, २, ३ असे क्रमांक. वर फ्रंट व्ह्यूमध्ये ५० रुंद आणि ६० उंच आयत. उंचीचे १२ भाग, प्रत्येकी ५. टॉप व्ह्यूच्या प्रत्येक बिंदूतून उभी रेषा वर न्या, त्याच क्रमांकाच्या आडव्या रेषेला जिथे छेदते तो हेलिक्सवरचा बिंदू.

| क्रमांक | अक्षापासून अंतर | उंची |
|---|---|---|
| ० | डावीकडे २५ | ० |
| १ | डावीकडे २१.६५ | ५ |
| २ | डावीकडे १२.५ | १० |
| ३ | अक्षावर | १५ |
| ४ | उजवीकडे १२.५ | २० |
| ५ | उजवीकडे २१.६५ | २५ |
| ६ | उजवीकडे २५ | ३० |

७ ते १२ मध्ये तीच अंतरे उलट क्रमाने येतात आणि उंची ५ ने वाढत जाते. ० ते ६ हा भाग पुढचा, म्हणून अखंड जाड रेषा. ६ ते १२ दंडगोलाच्या मागे, म्हणून तुटक रेषा. टॉप व्ह्यूमध्ये हेलिक्स वेगळा काढायचा नसतो, तो वर्तुळातच सामावलेला असतो.

विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात ते उभ्या रेषांवर. १ आणि ११ यांची उभी रेषा एकच, तशीच २ आणि १० यांची. एकाच उभ्या रेषेवर दोन्ही क्रमांक लिहून घेतले नाहीत तर वरच्या अर्ध्यातले बिंदू चुकीच्या रेषेवर पडतात.

५. बिंदू बरोबर आहेत, तरी वक्र झिगझॅग दिसतो. का?

कारण डाव्या-उजव्या टोकांशी वक्र टोकदार झाला आहे. हेलिक्सचा फ्रंट व्ह्यू हा साइन वक्र असतो. दंडगोलाच्या कडेला पोचताना तो कडेच्या रेषेला स्पर्श करून वळतो, म्हणजे त्या क्षणी तो उभा असतो. ५, ६, ७ हे तीन बिंदू फ्रेंच कर्व्हच्या एकाच बैठकीत जोडा, ६ वर कर्व्ह बदलू नका. अक्ष ओलांडताना उलट असते : ३ आणि ९ च्या आसपास वक्र जवळजवळ सरळ जातो आणि तिथला त्याचा आडव्याशी कोन म्हणजेच हेलिक्सचा खरा कोन. वरच्या उदाहरणात तो २०.९° यायला हवा. कोनमापक ठेवून पाहिले की हातचलाखी लगेच कळते.

६. उजवा कोणता, डावा कोणता? पाठ करूनही उलटे होते.

पाठ करू नका. अक्ष उभा धरा आणि फक्त दिसणारा, पुढचा भाग पाहा. तो उजवीकडे चढत असेल तर उजवा, डावीकडे चढत असेल तर डावा. बोल्ट उलटा धरला तरी उत्तर बदलत नाही, हे वर्गात एकदा करून दाखवाच, कारण निम्म्या मुलांना ते खोटे वाटते.

रचनेत याचा अर्थ : टॉप व्ह्यूमध्ये पुढची बाजू खाली असते, म्हणून डाव्या टोकापासून खालून उजवीकडे क्रमांक गेले की उजवा हेलिक्स. क्रमांक वरून दिले की डावा. बिंदूंची जागा दोन्हीत तीच राहते, फक्त अखंड आणि तुटक भागांची अदलाबदल होते. म्हणून तपासताना बिंदू न मोजता आधी तुटक रेषा कुठे आहे ते पाहा.

७. लांबी आणि कोन मोजून काढायचे की सूत्राने?

दोन्ही, आणि ते जुळले पाहिजेत. दंडगोल उलगडला की πव्यास रुंद आणि पिचइतका उंच आयत मिळतो, हेलिक्स त्याचा कर्ण. ५० आणि ६० साठी परीघ १५७.०८, कर्ण १६८.१५, कोनाचा टॅन ६० ÷ १५७.०८, म्हणजे २०.९°.

फ्रंट व्ह्यूमधल्या वक्रावर डिव्हायडर चालवून लांबी काढणारे विद्यार्थी हमखास भेटतात. तो वक्र ही सावली आहे, तिची लांबी नेहमी कमी भरते. खरी लांबी फक्त डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे उलगडून सपाट केलेल्या पृष्ठभागावर.

गोल जिन्याचे उदाहरण इथे फार उपयोगी पडते. एका फेऱ्यात ३ मीटर चढ आणि कठडा १.५ मीटर व्यासावर असेल, तर परीघ ४.७१ मीटर, कठड्याचा पाईप ५.५९ मीटर आणि चढाचा कोन ३२.५°. त्याच जिन्याच्या १५० मिमीच्या मधल्या खांबावर, तेवढ्याच चढाला, कोन ८१° होतो. चढ एकच असला तरी व्यास बदलला की कोन बदलतो, आणि स्क्रूच्या आट्यांच्या बाबतीतही हेच घडते (प्रश्न ९).

८. पिच आणि लीड यांत फरक काय? प्रश्नात कधी हा शब्द येतो, कधी तो.

पिच म्हणजे अक्षाला समांतर मोजलेले, एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचे अंतर. लीड म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात अक्षाच्या दिशेने झालेली प्रगती. एकच सुरुवात असेल तर दोन्ही सारखे. दोन सुरुवातींच्या स्क्रूत लीड पिचच्या दुप्पट, तीनच्या स्क्रूत तिप्पट. रचनेत १२ भाग नेहमी लीडचे करायचे, पिचचे नव्हे. दोन सुरुवातींचा, १० पिचचा स्क्रू असेल तर २० चे १२ भाग, आणि दुसरा हेलिक्स १० मिमी वरून त्याच पायऱ्यांनी.

९. चौकोनी आटे आणि स्प्रिंग काढताना रेषांचे जाळे होते. कुठून सुरुवात करावी?

चौकोनी छेदाच्या स्प्रिंगपासून. बाहेरचा व्यास ८०, छेद १० × १०, पिच ३० घ्या. आतला व्यास ६०. छेदाला चार कोपरे, म्हणून हेलिक्स चार : ८० च्या वर्तुळावर दोन, एक उंची ० पासून आणि एक १० पासून, तसेच ६० च्या वर्तुळावर दोन. प्रत्येक पायरी २.५ ची. टॉप व्ह्यूमध्ये दोन समकेंद्री वर्तुळे, पण भाग पाडणाऱ्या त्रिज्या त्याच, म्हणून क्रमांकही तेच.

चारही वक्र आधी २एच ने पूर्ण, अगदी फिके काढा. मग ठरवा काय दिसते. पुढच्या बाजूला बाहेरचे दोन वक्र पूर्ण दिसतात. वेटोळ्यांमध्ये २० ची मोकळी जागा आहे, तिच्यातून मागच्या वेटोळ्याची आतली बाजू दिसते. विद्यार्थी ती विसरतात आणि मग स्प्रिंग भरीव दिसते. आटे काढायचे तर हीच रचना, फक्त मध्ये भरीव गाभा असल्याने मागचे काही दिसत नाही. शाळा-कॉलेजात चौकोनी आट्याची खोली आणि जाडी दोन्ही पिचच्या निम्मी धरतात. व्यास ५०, पिच १० असेल तर गाभा ४०. बाहेरच्या कडेला कोन ३.६°, मुळाशी ४.५°. म्हणून बाहेरचा आणि आतला वक्र समांतर काढला तर तो चूकच.

गोल तारेच्या स्प्रिंगला वेगळी युक्ती : तारेच्या मध्यरेषेचा एक हेलिक्स काढा, त्यावरच्या प्रत्येक बिंदूवर तारेच्या व्यासाचे वर्तुळ काढा आणि सगळ्या वर्तुळांना बाहेरून स्पर्श करणारे दोन वक्र ओढा.

वर्किंग ड्रॉईंगमध्ये मात्र बोल्टवर हेलिक्स काढत बसू नये. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ प्रमाणे बाहेरच्या आट्यांचा माथा जाड अखंड रेषेने, मूळ बारीक अखंड रेषेने दाखवतात आणि टोकाकडून पाहताना मुळाचे बारीक वर्तुळ साधारण तीन चतुर्थांश काढतात.

१०. शंकूवरच्या हेलिक्समध्ये ३ आणि ९ क्रमांकाचे बिंदू टॉप व्ह्यूमध्ये कसे उतरवायचे?

तळाचा व्यास ६०, उंची ७२, एका फेऱ्यात शिखर. उंचीचे १२ भाग, प्रत्येकी ६. शंकूच्या १२ तिरप्या रेषा फ्रंट व्ह्यूमध्ये आखा, क्रमांक १ ची रेषा आणि १ ची उंची जिथे छेदतात तो पहिला बिंदू, असे पुढे. हे बिंदू खाली टॉप व्ह्यूमधल्या त्याच क्रमांकाच्या त्रिज्येवर प्रोजेक्ट करा.

३ आणि ९ च्या रेषा फ्रंट व्ह्यूमध्ये अक्षावरच पडतात, टॉप व्ह्यूमध्येही उभ्याच असतात. प्रोजेक्टर रेषेवरून सरळ जातो आणि छेदबिंदू मिळत नाही. त्यासाठी बिंदू ३ ची आडवी रेषा शंकूच्या कडेपर्यंत न्या, कडेवरचा बिंदू टॉप व्ह्यूच्या आडव्या व्यासावर उतरवा आणि केंद्राभोवती तेवढ्या त्रिज्येचा चाप ३ च्या त्रिज्येपर्यंत फिरवा. ताळा सोपा आहे : प्रत्येक पायरीला त्रिज्या २.५ ने कमी होते, म्हणून ३ चा बिंदू केंद्रापासून २२.५ वर, ९ चा ७.५ वर. टॉप व्ह्यूमधला वक्र आर्किमिडियन स्पायरल येतो, म्हणजे समान कोनाला त्रिज्या समान बदलणारा वक्र.

यापुढचा नेहमीचा सापळा म्हणजे डेव्हलपमेंट. दंडगोलासारखी इथे सरळ रेषा येत नाही. तिरपी उंची ७८, सेक्टरचा कोन १३८.५°, प्रत्येक पायरीला तिरपी लांबी ६.५ ने घटते आणि सेक्टरमध्येही स्पायरलच उमटतो. शंकूवरचा सर्वांत जवळचा रस्ता विचारला असेल तरच सेक्टरमध्ये सरळ रेषा, आणि तो रस्ता हेलिक्स नव्हे.

११. इन्व्होल्यूटसाठी ४२ चाच व्यास का घेतात? आणि पायऱ्या?

४२ × २२ ÷ ७ = १३२, त्याचे १२ भाग म्हणजे प्रत्येकी ११. खऱ्या π ने १३१.९५ येते, फरक पेन्सिलच्या जाडीपेक्षा कमी. व्यास ७ च्या पटीत नसेल तर सरळ ३.१४१६ ने गुणा.

केंद्र म, खालचा बिंदू प. प मधून उजवीकडे १३२ ची आडवी स्पर्शिका, तिचे टोक फ. तिच्यावर ११-११ च्या खुणा. वर्तुळाचे १२ भाग करा आणि प पासून घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आधी डावीकडे, क्रमांक द्या. प्रत्येक बिंदूवर त्रिज्येला लंब स्पर्शिका आखा. १ च्या स्पर्शिकेवर ११, २ च्या स्पर्शिकेवर २२, असे १२ च्या स्पर्शिकेवर १३२, ते टोक म्हणजे फ. प पासून फ पर्यंत सगळे बिंदू एका ओघात जोडा.

भागांच्या खुणा पट्टीवर एकदम वाचून करा : ११, २२, ३३. व्यास ५० असेल तर एक भाग १३.०९ येतो. डिव्हायडरमध्ये १३ धरून बारा उड्या मारल्या की शेवटी १ मिमीपेक्षा जास्त तूट येते. अशा वेळी १५७ च्या रेषेचे तिरप्या रेषेच्या पद्धतीने १२ भाग पाडावेत.

१२. स्पर्शिका कोणत्या बाजूला मोजायची?

दोरा ज्या भागावरून सुटला आहे त्या भागाच्या बाजूला, म्हणजे क्रमांक ज्या दिशेने वाढतात त्याच्या उलट. ४ वरची स्पर्शिका ३ च्या अंगाला जाते, ५ च्या नाही. पहिल्याच बिंदूवर ताळा घ्या. व्यास ४२ असेल तर पहिला बिंदू प पासून जेमतेम ३ मिमीवर येतो. तो २१-२२ मिमीवर गेला असेल तर बाजू चुकली, तिथेच थांबा.

दुसरी खूण अशी की इन्व्होल्यूट वर्तुळापासून काटकोनात बाहेर निघतो. प पाशी वर्तुळाला चिकटून हळूच सुटणारा वक्र दिसला तर बिंदू बरोबर असूनही फ्रेंच कर्व्ह चुकीचा बसवला आहे.

१३. परीघ डिव्हायडरने वर्तुळावरच मोजला तर? हिशोब टळतो.

टळतो, पण डिव्हायडर कंस मोजत नाही, जीवा मोजतो. ४२ व्यासाला ३०° ची जीवा १०.८७, कंस ११. बारा पावलांत १३०.४, म्हणजे दीड मिमी कमी. ५० व्यासाला जवळजवळ १.८ मिमी. फ बिंदू आत सरकतो आणि वक्र शेवटी जुळत नाही म्हणून विद्यार्थी तो ओढूनताणून जोडतात.

१४. इन्व्होल्यूट आणि आर्किमिडियन स्पायरल दिसायला सारखेच. ओळखायचे कसे?

स्पायरलमध्ये शेजारच्या दोन वेढ्यांमधले अंतर त्रिज्येवर मोजले की कायम सारखे. इन्व्होल्यूटमध्ये ते मूळ वर्तुळाच्या स्पर्शिकेवर मोजले की सारखे, आणि बरोबर πव्यास. स्पायरल केंद्रातून निघू शकतो, इन्व्होल्यूट कधीही मूळ वर्तुळाच्या आत जात नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर दोघे डोळ्याला सारखेच भासतात, म्हणून वर्गात फरक पहिल्या फेऱ्यावरच दाखवावा.

१५. वक्रावरच्या दिलेल्या बिंदूवर नॉर्मल आणि टँजंट कसे काढायचे?

नॉर्मल म्हणजे वक्राला लंब रेषा, टँजंट म्हणजे स्पर्शिका. ताठ दोरा हाच नॉर्मल. म्हणून फक्त दोरा कुठे टेकला आहे ते शोधायचे. ४२ व्यासाच्या इन्व्होल्यूटवर केंद्रापासून ७० अंतरावर क हा बिंदू घ्या. मक व्यास मानून अर्धवर्तुळ काढा, ते मूळ वर्तुळाला न मध्ये छेदेल. नक नॉर्मल, क वर त्याला लंब ती टँजंट.

अर्धवर्तुळ मक च्या दुसऱ्या अंगाला काढले तर दुसराच न मिळतो, आणि दिसायला तोही बरोबर वाटतो. इथेच गुण जातात. नक ची लांबी ६६.८ येते, ती प पासून न पर्यंतच्या कंसाइतकी हवी. ६६.८ ÷ ११ म्हणजे ६ पेक्षा किंचित जास्त, म्हणून न हा क्रमांक ६ च्या लगेच पुढे असायला हवा. तसा नसेल तर दुसरा घ्या.

१६. चौरस, षट्कोन किंवा अर्धे वर्तुळ-अर्धा षट्कोन अशा आकारांना काय करायचे?

सरळ बाजूंवर दोरा कोपऱ्याभोवती फिरतो, म्हणून कंपासचे चाप. २५ बाजूच्या चौरसाला त्रिज्या २५, ५०, ७५, १००, प्रत्येक चाप ९०° चा आणि केंद्र प्रत्येक वेळी पुढचा कोपरा. षट्कोनाला प्रत्येक चाप ६०° चा.

मिश्र आकार परीक्षेत आवडता. ४२ व्यासाचे अर्धवर्तुळ आणि २१ बाजूचा अर्धा षट्कोन घ्या. परिमिती ६३ + ६६ = १२९. षट्कोनाच्या बाजूने उलगडायला सुरुवात केली तर दोन कोपऱ्यांवर २१ आणि ४२ त्रिज्येचे ६०° चे चाप, मग जोडबिंदूवर ६३ त्रिज्येचा चाप, पण तो फक्त ३०° चा, कारण तिथे दोरा अर्धवर्तुळाच्या स्पर्शिकेशी येऊन थांबतो. पुढे प्रश्न ११ प्रमाणे सहा स्पर्शिका : ७४, ८५, ९६, १०७, ११८, १२९. जोडबिंदूचा तो ३०° चा चाप सोडून दिला की वक्रात खाच पडते.

१७. दोरी परिघापेक्षा लांब किंवा आखूड दिली असेल तर?

मग परीघ आणि दोरी या दोन वेगळ्या लांब्या आहेत एवढे लक्षात ठेवा. भाग परिघाचे करा, दोरीचे नाही. व्यास ४०, दोरी १५०, ताठ धरून वर्तुळाभोवती गुंडाळायची : परीघ १२५.६६, एक भाग १०.४७. ० वर स्पर्शिका १५०, १ वर १३९.५३, २ वर १२९.०६ असे कमी करत जा. पूर्ण फेऱ्यानंतर २४.३ उरते, १३ वर १३.९, १४ वर ३.४. शेवटचा बिंदू १४ च्या पुढे ३.४ मिमी कंसावर, वर्तुळाला टेकलेला. दोरीच्या दुसऱ्या थराची जाडी धरत नाहीत.

इथे प्रश्न १२ चा नियम उलटतो. क्रमांक गुंडाळण्याच्या दिशेने दिले असल्याने स्पर्शिका क्रमांक वाढण्याच्या दिशेलाच जाते. आखूड दोरीला हीच रीत : व्यास ५०, दोरी १२० असेल तर ९ व्या बिंदूवर २.२ उरते आणि काम तिथेच संपते.

१८. गिअरच्या दाताला इन्व्होल्यूटच का? आणि वर्गात एक दात कसा काढून दाखवावा?

इन्व्होल्यूटचा प्रत्येक नॉर्मल मूळ वर्तुळाला, म्हणजे बेस सर्कलला, स्पर्श करतो. दोन दात भिडले की दोघांचा सामाईक नॉर्मल दोन्ही बेस सर्कलची सामाईक स्पर्शिका असतो, म्हणून वेगाचे गुणोत्तर स्थिर राहते. केंद्रांमधले अंतर किंचित वाढले तरी गुणोत्तर तेच राहते, बदलतो तो प्रेशर अँगल, म्हणजे केंद्रे जोडणाऱ्या रेषेच्या लंबाशी सामाईक नॉर्मलचा कोन. क्रिस्टियान ह्युजेन्सने १६७३ मध्ये या वक्राचे गणित मांडले ते लंबकाच्या घड्याळासाठी. दातांसाठी तो सुचवला ऑयलरने, पुढच्या शतकात.

मॉड्यूल (पिच सर्कलचा व्यास भागिले दातांची संख्या) ५, दात २०, प्रेशर अँगल २०° घ्या. पिच सर्कल (दोन गिअर ज्या वर्तुळांवर एकमेकांवर घरंगळतात असे मानतात ते) १००, बाहेरचे ११०, मुळाचे ८७.५, बेस सर्कल १०० × कॉस २०° = ९३.९७. दाताच्या टोकापर्यंत उलगडलेला दोरा फक्त २८.६ लांब, म्हणजे बेस सर्कलचा जेमतेम ३५° भाग वापरला जातो. इथे १२ भागांची सवय अडचण करते, ३०° च्या पायरीत एकच बिंदू मिळतो. ५° च्या पायऱ्या घ्या, प्रत्येकी ४.१ मिमी, सात बिंदूंत बाजू पूर्ण. ही बाजू पिच सर्कलला जिथे छेदते तिथून ४.५° वर दाताची मध्यरेषा. ट्रेसिंग पेपरवर बाजू उतरवून मध्यरेषेवर पलटवली की दुसरी बाजू. पिच सर्कलवर दाताची जाडी ७.८५ भरली पाहिजे.

A1 सारख्या मोठ्या शीटवर पाचपट स्केलने हा दात काढला तर उत्तम. एकास एक काढलेला दात सव्वा सेंटीमीटरही उंच होत नाही आणि वळण दिसत नाही.

१९. बेस सर्कल मुळाच्या वर्तुळापेक्षा मोठे आले. आतल्या भागात इन्व्होल्यूट कसा काढू?

काढूच नका, तो तिथे अस्तित्वातच नाही. वरच्या उदाहरणात ९३.९७ ते ८७.५ हा भाग त्रिज्येच्या रेषेने दाखवतात आणि मुळाशी छोटा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) देतात. २०° च्या प्रमाणित दातांत ४१ किंवा कमी दात असतील तर हीच स्थिती येते, ४२ पासून पुढे मूळ बेस सर्कलच्या बाहेर जाते. दात १७ पेक्षा कमी असतील तर दात कापताना मुळाशी अंडरकट होतो, म्हणजे दाताचे मूळ आतून खरवडले जाते, तो वर्गातल्या या रचनेत दिसत नाही.

२०. कॅडमध्ये करताना वक्र भलताच येतो. कुठे चुकते?

ऑटोकॅडमध्ये हेलिक्सची कमांड आहे. ती खालची त्रिज्या, वरची त्रिज्या आणि उंची विचारते. व्यास टाकला की आकार दुप्पट होतो. फेऱ्यांची संख्या न सांगितल्यास ती ३ धरली जाते, म्हणून ६० उंचीत एक फेरा हवा असताना तीन येतात. दोन त्रिज्या वेगळ्या दिल्या की शंकूवरचा हेलिक्स. उंची शून्य दिली की सपाट स्पायरल मिळतो, आणि तोच इन्व्होल्यूट म्हणून सादर केलेल्या शीट्स येतात. फरक प्रश्न १४ मध्ये.

इन्व्होल्यूटला समीकरण द्यावे लागते : आडवे अंतर त्रि × (कॉस θ + θ साइन θ), उभे अंतर त्रि × (साइन θ − θ कॉस θ). सॉलिडवर्क्समध्ये समीकरणावरून वक्र काढण्याची सोय आहे, ऑटोकॅडसाठी एक्सेलमध्ये बिंदू काढून स्प्लाइन ओढतात. θ रेडियनमध्येच हवा. एक फेरा म्हणजे ० ते ६.२८३. एक्सेलमध्ये ३० टाकले तर ते ३० अंश नव्हे, ३० रेडियन धरले जातात आणि बिंदू शीटभर विखुरतात. स्प्लाइन १० अंशांच्या पायरीने घ्या. सुरुवातीला ती वर्तुळाला काटकोनात निघते का ते झूम करून पाहा. निघत नसेल तर स्प्लाइनच्या पहिल्या टोकाची दिशा त्रिज्येच्या दिशेने हाताने द्यावी लागते.